१५.६ इंची फोरके लॅपटॉपवर वेबसाइटची अक्षरं फार बारीक दिसतात, काय करू?

रिझोल्यूशन कमी करू नका. अक्षरं मोठी होतील, पण धुरकट दिसतील आणि फोरकेसाठी मोजलेले पैसे वाया. तुमच्या स्क्रीनवर एका इंचात सुमारे २८२ पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, आहेत, साध्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर जेमतेम ९२. ठिपके इतके दाट असल्यानं अक्षरं बारीक दिसतात. म्हणून विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले उघडून स्केल २०० किंवा २५० टक्के करा.

एखादीच साइट त्रास देत असेल तर कंट्रोल आणि प्लस दाबा. क्रोम त्या साइटचा झूम लक्षात ठेवतो. मराठी साइटवर जोडाक्षरं नि रफार आधी गिचमिड होतात. त्यासाठी क्रोमच्या फॉन्ट सेटिंगमध्ये किमान आकार १६ ठेवून पाहा. एखाद्या साइटची मांडणी थोडी विस्कटेल, चालायचंच. फायरफॉक्समध्ये फक्त मजकूर मोठा करायचीही सोय आहे.