निःस्वार्थ प्रीती रोजच्या जगण्यात जमते का? लोक गैरफायदा घेतात तेव्हा काय करायचं?

रविवारी चर्चमध्ये ‘शेजाऱ्यावर प्रीती करा’ ऐकायचं, आणि सोमवारी तसं वागलं की ऑफिसातला सहकारी स्वतःचं काम आपल्यावर ढकलून मोकळा होतो, अशी तुमची तक्रार आहे. मी बेळगावचा, मेथडिस्ट घरातला. पाळक नाही, निवृत्त बँकवाला आहे. माझ्या परीनं सांगतो.

प्रीती करायची म्हणजे कुणालाच नाही म्हणायचं नाही, हा समज आधी काढून टाका. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली, अध्याय 10 मधली शोमरोनी माणसाची गोष्ट पुन्हा वाचा. लुटारूंनी मारून वाटेत टाकलेला एक माणूस त्याला दिसला. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, त्याची देखभाल केली. दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवले, म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी. जास्त लागले तर परत येताना देतो म्हणाला आणि आपल्या वाटेला लागला. प्रवास रद्द केला नाही. तुमच्या सहकाऱ्याचं मूल आजारी असेल त्या दिवशी त्याचं काम जरूर करा. एरवी फाईल हसत हसत त्याच्या टेबलावर परत ठेवा. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, त्यांना केडगावला जेवू घातलं आणि विणकाम, छपाई, शेती अशा कामांना लावलं. माणसाला पांगळं करून ठेवणारी मदत मला तरी संशयास्पद वाटते.

खरी अडचण पुढे आहे. आपण हिशेबी माणसं. लग्नात कुणी किती आहेर केला ते वहीत उतरवून ठेवतो, शेजारणीचा डबा रिकामा परत पाठवत नाही. रीत वाईट नाही, तिच्यावरच गल्ली चालते. पण येशू लूक 14 मध्ये नेमकं तिथंच बोट ठेवतो: जेवण घालशील तेव्हा मित्र, भाऊबंद, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नको, ते उलट बोलावतील आणि फेड होऊन जाईल. ज्यांना फेडता येत नाही त्यांना बोलाव.

मला कन्नड वाचता येतं. तहसीलदार कचेरीच्या व्हरांड्यात खानापूरकडची म्हातारी माणसं कन्नड अर्ज उलटा-सुलटा धरून उभी असतात. मी तिकडे जातो तेव्हा खिशात जादा पेन ठेवतो. नाव, गाव, सर्व्हे नंबर विचारायचा, रकाने भरायचे, अंगठा कुठं उठवायचा ते दाखवायचं. दहा मिनिटांचं काम. एकदा एक आजी पुढच्या खेपेला रताळी घेऊन आल्या. घेतली की! ‘नको नको’ म्हणत मोठेपणा मिरवण्यापेक्षा घेतलेली बरी.

आणि शोमरोनी यहूद्यांच्या लेखी कोण होता? जुन्या वैरातला परका. हे आमच्याइतकं कुणाला कळणार? 1 नोव्हेंबरला इथं एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे आम्हा मराठी माणसांचा काळा दिवस. सीमाप्रश्नाचं हे 1956 पासूनचं दुखणं आहे, आणि माझं मत काय ते गल्लीला ठाऊक आहे. शेजारच्या कन्नड अज्जींचा मुलगा हुबळीला असतो. त्यांच्या डायलिसिसचा वार त्याच तारखेला आला, तर बंद रस्ते चुकवत, कॅम्पातून वळसा घालून मीच गाडी काढतो. वाटेत त्या त्यांच्या नेत्यांचं कौतुक करतात, मी आमच्या नेत्यांचं. वाद होतो, रंगतोही. उतरताना हात मात्र माझाच धरतात, कारण गुडघ्यांना भाषा कळत नाही.

पैशांचंही सांगतो, कारण फायदा घेतात म्हणता तेव्हा बहुतेक वेळा तेच असतं. परत मिळण्याची आशा न धरता उसने द्या, असं लूक 6 मध्ये आहे. मी ते अगदी रोकडं घेतलंय. बुडाले तरी त्या माणसाशी बोलणं तुटणार नाही, एवढीच रक्कम द्यायची. त्याहून जास्त मागितली तर तोंडावर नाही म्हणायचं, आणि त्याच बैठकीत चहा पाजायचा. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोघांना मी असं नाही म्हटलंय. त्यातला एक अजून फुगून आहे, दुसरा दर नाताळला करंज्या घेऊन येतो.