करवंदं विकायची आहेत? आधी हे बघ

भावा, नक्की उतर यात, पण पहिल्या सीझनला लांबच्या डोंगरावर जाऊ नको, घराजवळच्या जाळ्याच धर, कारण चालण्यात जातो तो वेळ पण मजुरीच आहे आणि नवीन माणूस नेमका तोच हिशोबात धरत नाही. समज ५ तास गेले आणि ४०० रुपये आले, तर तासाला ८० पडले, एसटीचं भाडं अजून वजा व्हायचंय.

- उन्हं चढायच्या आत तोड.
- प्लास्टिकच्या पिशवीत भरू नको, खालची दबून चिकट रस सुटतो आणि गिऱ्हाईक हात पण लावत नाही. पसरट टोपलीत पळसाची पानं घालून थर पातळ ठेव.
- पिकलेली त्याच दिवशी विक. कच्ची वेगळी काढ, लोणच्याला जातात आणि टिकतात पण.

फांद्या मोडू नको रे, पुढच्या वर्षी त्याच जाळीवर यायचंय.