तुमचे प्रश्न, आमची उत्तरे : बंद पडलेला ड्रिल हॉल पाहताना

प्रश्न : नोकरीनिमित्त इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका गावात राहतो. समुद्रापासून दोन गल्ल्या सोडून लाल विटांचा एक जुना ड्रिल हॉल, म्हणजे हौशी सैनिकांच्या कवायतीची इमारत, आहे, कैक वर्षे बंद. आतून पाहायचा आहे, फोटोही काढायचे आहेत. मागची एक खिडकी फुटलेली आहे. काय पाहावे, काय सांभाळावे?

उत्तर : आधी ती खिडकी डोक्यातून काढा. इंग्लंडमध्ये नुसते आत शिरणे ही बहुतेक वेळा दिवाणी बाब असते, पण काच किंवा कुलूप फोडले की फौजदारी गुन्हा. शिवाय असे काही हॉल आजही राखीव सैन्याच्या वापरात आहेत, तिथले नियम वेगळे. पण मालकाला गाठायचे खरे कारण ॲस्बेस्टॉस हे आहे : जुन्या बांधकामातला हा तंतुमय पदार्थ, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. 2012 च्या नियमांनुसार अशा इमारतीत ॲस्बेस्टॉस कुठे आहे याची नोंद तिच्या जबाबदार माणसाने ठेवायची असते. ही नोंदवही मागून घ्या. मालकाचे नाव जमीन नोंदणी खात्यात थोडी फी भरून ऑनलाइन मिळते. तिथे नसेल तर कौन्सिलच्या नियोजन विभागात जुने अर्ज चाळा. त्यांना जोडलेले नकाशेही हाती लागतात, म्हणजे कुठली खोली कुठे हे आधीच कळते.

मग बाहेरून एक फेरी मारा, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर. छतावरचे पाणी खाली आणणारे बीडाचे पाइप पाहा. पुढून रंगवलेले दिसतात, पण भिंतीकडची बाजू वर्षानुवर्षे कोणी रंगवलेली नसते. खारा वारा तिथेच लागतो आणि पाइप मागून फुटतो. पाणी भिंतीत मुरते, विटांवर शेवाळाचा हिरवा पट्टा उठतो. आतल्या मजल्याच्या तुळयांची टोके त्याच भिंतीत रोवलेली असतात आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. म्हणून 'भिंतीच्या कडेने चाला' हा नेहमीचा सल्ला इथे डोळे मिटून पाळू नका. हिरवा पट्टा ज्या भिंतीवर, तिच्यालगतचा वरचा मजला वर्ज्य. विटांचे पापुद्रे सुटले असतील तर दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, पाहा : मूळ चुन्याच्या जागी कोणीतरी सिमेंट भरलेले असते. ओल सिमेंटमधून बाहेर पडत नाही, विटेतून पडते आणि जाताना लोणा, म्हणजे ओलीतले क्षार, वीट फोडतो. कोकणातल्या घरांत हे पाहिलेले असेलच.

आत शिरल्यावर पुढचा दुमजली भाग आणि मागचा मोठा हॉल असे दोन हिस्से दिसतील. पुढे कार्यालय, शस्त्रागार, भांडार, कधी प्रशिक्षक सार्जंटचे घर. लहान गजांची खिडकी आणि जाड दार दिसले की ते शस्त्रागार समजा. मागचा हॉल खांबांविना, कारण ओळीने कवायत करायची तर मध्ये खांब चालत नाही. छत लोखंडी किंवा लाकडी कैच्यांवर, म्हणजे तिकोनी सांगाड्यांवर, असते. कैची जिथे भिंतीवर टेकते तिथे दुर्बिणीने पाहा. गंजाने फुगून तिथली वीट उचकटलेली दिसली तर त्याखाली थांबू नका.

लाकडी जमिनीत पेचकस टोचत चला. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुतते, कुजलेल्यात सरळ आत जाते. फळीला चौकोनी भेगा, अळंब्यांचा वास आणि आसपास विटकरी रंगाची बारीक धूळ असेल तर ती सुकी कूज, म्हणजे लाकूड खाणारी बुरशी. भिंतीच्या तळाशी हवेसाठी ठेवलेल्या जाळीदार विटा बुजल्या की ती हमखास होते.

25 यार्डांचा, म्हणजे साधारण 23 मीटरचा, अरुंद बोळ आणि टोकाला वाळू किंवा तिरकी पोलादी पाटी दिसली तर ती .22 रायफलच्या सरावाची जागा. तिथली करडी धूळ शिशाची असते. झाडू लावू नका, तिथे काही खाऊ नका, बूट घरात नेऊ नका.

सोबत हेल्मेट, जाड तळव्याचे बूट, दोन टॉर्च आणि बारीक धूळ अडवणारा एफएफपी3 मास्क घ्या. दाढीचे खुंट असले तर मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही, सकाळी गुळगुळीत दाढी करून जा. नळ्यांवरची गुंडाळी, छताच्या फरशा, पन्हळी पत्रे यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून त्यांना हात नको, तुटका तुकडा आठवण म्हणून नेणे तर नकोच. एकट्याने जाऊ नका, कुठे चाललात आणि केव्हा परतणार हे बाहेर कोणाला तरी सांगून ठेवा.

प्रश्न : हॉल कोणत्या काळातला हे कसे ओळखावे?

उत्तर : पाटी वाचा. 'व्हॉलंटियर' असेल तर तो 1908 च्या आधीचा, 'टेरिटोरियल' असेल तर नंतरचा. फ्रेंचांच्या स्वारीच्या भीतीने 1859 मध्ये स्वयंसेवकांची दले उभी राहिली, त्यांच्या बऱ्याच हॉलना गावकऱ्यांनीच वर्गणी दिली. 1908 मध्ये ही दले टेरिटोरियल फोर्स या अर्धवेळ सैन्यात गेली. किनाऱ्याच्या गावांत तोफखान्याच्या तुकड्या पुष्कळ, म्हणून पाटीवर तोफेचे चिन्ह आणि तोफ जाईल इतके रुंद दार आहे का तेही बघा. 16 डिसेंबर 1914 ला जर्मन युद्धनौकांनी याच ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूलवर मारा केला, तेव्हा किनाऱ्यावरच्या सहा इंची अशा 3 तोफांनी उत्तर दिले. त्या चालवणारे डरहॅम परगण्याच्या टेरिटोरियल तोफखान्याचे जवान होते, युद्धाआधी सराव करून नोकरीधंद्यावर परतणारी माणसे.

प्रश्न : जमिनीवर काडतूस सापडले तर?

उत्तर : हात लावू नका, लाथेने सरकवू नका, खिशात तर मुळीच नको. जागा लक्षात ठेवा, आल्या वाटेने बाहेर पडा आणि पोलिसांना 999 वर कळवा. रिकामे आहे की भरलेले हे ठरवण्याचे काम त्यांचे.