रंकाळ्यावर अर्धवट राहिलेलं उत्तर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा रंकाळ्यावर भेळ खाताना तू विचारलंस, "सर, महिन्यातनं दोन-तीनदा प्यायला बसतो आम्ही. एवढ्यानं काय हुतंय? आणि सगळंच सोडायचं तर मग जगायचं कशाला?" मी "सांगतो कधीतरी" म्हणालो आणि शाहू स्टेडियमवरच्या मॅचचा विषय काढला. घरी आल्यावर झोप लागेना. असाच विषय मी पूर्वी एकदा बदलला होता.

शिरेतून रक्त काढायला तू माझ्या हाताखाली शिकलास, म्हणून तुला नळ्यांच्याच भाषेत सांगतो. आपल्या लॅबमधल्या सोमवारच्या सकाळच्या नळ्या आठव. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज थांबलं की झाकण उघडायचं, एकेक नळी खिडकीकडे धरायची. चांगलं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटलेलं पाणी, फिकट पिवळं असतं, आरपार दिसतं. पण सोमवारी दोन-तीन नळ्या तरी दुधाळ निघायच्या, थेट पांढऱ्या रश्श्यासारख्या. "उपाशीपोटी आलोय" असं माणूस छातीवर हात ठेवून सांगायचा आणि ते खरंही असायचं. रविवारी दुपारी मटण, रात्री बाटली, आणि बारा तासांनंतरही रक्तातली चरबी उतरलेली नाही. ट्रायग्लिसराइड, म्हणजे हीच चरबी, चारशे-पाचशे, हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त. असली माणसं काही रस्त्यात पडणारी नव्हती. नोकरीधंद्याची, पोराबाळांची, तुझ्यासारखं "एवढ्यानं काय होतंय" म्हणणारी माणसं होती.

आता माझ्या मित्राचं ऐक. आम्ही चौथीपासून एका बाकावर बसलो. पुढे त्यानं उद्यमनगरात पॅटर्नची, म्हणजे ओतकामाच्या लाकडी साच्यांची, शेड टाकली. लाकडातून साचा असा काढायचा की बघत राहावं. तो 41 वर्षांचा असताना विम्याच्या तपासणीसाठी त्याचं रक्त आमच्याकडे आलं. लिव्हरच्या तपासण्यांत एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट, जीजीटी चढलेलं, आणि एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, वाढून 104. हे तिन्ही आकडे एकत्र दिसले की दारूचा संशय घ्यायचा, हे तुलाही मी शिकवलंय. त्यानं विचारलं, "काय म्हणतोय रिपोर्ट?" मी म्हणालो, "डॉक्टरांना दाखव." आणि त्याच संध्याकाळी त्याच्याच शेडमध्ये त्याच्यासमोर ग्लास घेऊन बसलो. बोललो नाही. मैत्रीत वाकडेपणा नको वाटला. तो डॉक्टरांकडे गेलाच नाही. दोन वर्षांनी त्याची नळी पुन्हा माझ्या हातात आली. सीरम गडद पिवळं, हळदीच्या पाण्यासारखं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, 14. पोटात पाणी झालं होतं. शेडमधल्या भिंतीवर टांगलेले त्याचे साचे त्याच्या बायकोनं भंगारात घालू दिले नाहीत, एवढंच आता उरलंय.

पहिल्या रिपोर्टच्या वेळी लिव्हरला नुसती चरबी चढली असावी. त्या टप्प्यावर दारू थांबवली तर बहुतेकांची लिव्हर काही आठवड्यांत पूर्ववत व्हायला लागते. लिव्हरवर व्रण धरून ती दगडासारखी झाली की ते व्रण सहसा पुसले जात नाहीत. म्हणजे बोलायची वेळ होती, आणि माझ्याकडे आकडेही होते.

म्हणून आता तुझ्याशी स्पष्ट बोलतो.

आधी माप. तू म्हणालास, "मी व्हिस्की घेत नाही, फक्त बीअर." 650 मिलीची स्ट्राँग बीअर घे, 8 टक्क्यांची. तिच्यात साधारण 41 ग्रॅम अल्कोहोल आहे. 30 मिलीच्या एका पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम. म्हणजे तुझी एक बाटली म्हणजे चार छोटे पेग, आणि तू दोन बाटल्या घेतोस. बीअर हलकी असते हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. देशी म्हणून विकलेली असो की विदेशी, आपल्या कारखान्यांच्या मळीपासून काढलेली असो की धान्यापासून, लिव्हरला पोचतं ते इथेनॉलच, म्हणजे तेच अल्कोहोल. आणि लिव्हर तासाला जेमतेम सात-आठ ग्रॅम निपटते. कॉफी, लिंबू, गार पाण्याची आंघोळ, कशानंही तिचा वेग वाढत नाही. रात्री अकराला दोन बाटल्या संपवून तू सकाळी सातला शिरोलीला गाडी काढतोस तेव्हा थोडी दारू रक्तात अजून असू शकते. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तामागे 30 मिलीग्रॅम अल्कोहोल आहे. पन्हाळ्याहून रात्री उतरताना तुमच्यातला कोण गाडी चालवतो, हे मी तुला विचारलं नाही. आता विचारतो.

दुसरं, कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं दारूला 1988 सालीच पहिल्या गटात टाकलं, तंबाखूच्या शेजारी. इथं एक गोष्ट नीट समजून घे, कारण लोक दोन्ही बाजूंनी ती चुकीची सांगतात. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का. धोका तंबाखूएवढाच मोठा, असा त्याचा अर्थ नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं, आणि बायकांत स्तन, एवढ्या ठिकाणी हा पुरावा आहे. शरीर दारू पचवताना अॅसिटाल्डिहाइड नावाचं रसायन तयार होतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. 2023 च्या जानेवारीत त्याच संघटनेनं सांगितलं, आरोग्याला सुरक्षित म्हणावं असं दारूचं प्रमाण दाखवता येत नाही. पूर्वी वर्तमानपत्रांत यायचं की थोडी वाइन हृदयाला बरी. त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत "न पिणारे" म्हणून मोजलेल्यांत आजारपणामुळे दारू सोडलेलेही होते. साहजिकच ते जास्त आजारी निघाले आणि थोडी पिणारे तुलनेनं ठणठणीत दिसले.

तुमच्या बैठकीत तंबाखू-सुपारीचा मावा मळला जातो का? जात असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेव आणि आधी तो बंद कर. दारूनं तोंडाच्या आतलं अस्तर तंबाखूतल्या विषाला वाट देतं. दोन्ही मिळून होणारा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षा मोठा असतो. आपल्या भागात तोंड उघडेना झालेली तरणी पोरं मी काऊंटरवर पाहिली आहेत. नाव सांगतानासुद्धा त्यांना त्रास व्हायचा.

आता तुझ्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, जगायचं कशाला. तो प्रश्न मला फालतू वाटत नाही. माणूस रिपोर्ट चांगला यावा म्हणून जन्माला येत नाही. आठवड्यातून एखादा पेग घेणाऱ्याचा वाढीव धोका लहान आहे, हेही मी तुझ्यापासून लपवणार नाही. घाटात मोटारसायकल घालतो तेव्हाही आपण धोका घेतोच, आणि तरी राधानगरीला जातो. धोका प्रमाणाबरोबर चढत जातो. तुमचं बसणं महिन्यातून दोन-तीनदाच असलं तरी एका रात्रीत आठ पेगांएवढं ओतणं हे वेगळं प्रकरण आहे. त्या एका रात्रीत हृदयाचे ठोके बिघडू शकतात, रक्तदाब चढतो, भांडण होतं, अपघात होतो. दोन बाटल्या एकदम घेणं आणि तेवढीच दारू महिनाभर थोडी थोडी घेणं, शरीराला सारखं नाही.

मला तुझ्याकडून एकच हवंय. पुढच्या तीन बैठकांना जा, पण पिऊ नकोस. मंडळी चिडवतील, चिडवू देत. तांबडा रस्सा ओरप, गप्पा मार, गाणी म्हण. रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभं राहून ग्लासभर धारोष्ण दूध पी आणि घरी जा. मग शांतपणे आठव, नेमकं काय कमी पडलं. मित्र मनापासून बोलले का? हसू आलं का? शेडमधल्या त्या संध्याकाळींचा मी हाच हिशेब उशिरा केला. मला जे आवडायचं ते साचे, लाकडाचा वास आणि त्याचं बोलणं होतं. ग्लास नसता तरी ते सगळं तिथं होतंच. तुझा हिशेब वेगळा निघाला, तर तसं मला मोकळेपणानं सांग. मी रागावणार नाही.

आणि बिन पिता ती संध्याकाळ काढवली नाही, हात आपोआप ग्लासाकडे गेला, तर तेही सांग. ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

जाता जाता तू मामांचं म्हणालास, सकाळी हात थरथरतात, एक घोट घेतला की थांबतात. हे ऐकून मी हललो. घरच्यांनी चिडून त्यांची दारू एका दिवसात बंद करू नये. इतकी सवय झालेल्या माणसाची दारू अचानक तुटली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध देत देत ती सोडवायची असते. सीपीआरमध्ये, आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे. तिथं जायची लाज वाटत असेल तर आधी 14416 वर, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, फोन करा, मराठीत बोलता येतं.

रविवारी सकाळी मी घरीच आहे. नऊच्या सुमारास ये आणि मामांना सोबत आण. नुसता चहाला बोलावलाय म्हणून सांग, पुढचं मी बोलतो. मित्राचा तो पहिला रिपोर्ट अजून माझ्या कपाटात आहे, तो त्यांना दाखवीन.

तुझा,
सर