वचन आणि तळटीप

प्रिय बाळा,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझा रात्री पावणेबाराचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. व्हिडिओही शेवटपर्यंत पाहिला. दक्षिण आफ्रिकेतल्या एकाने प्रभू येशू परत येऊन आपल्या लोकांना उचलून नेणार म्हणून २३-२४ सप्टेंबर २०२५ ही तारीख दिली होती, ती आली नि गेली. आता व्हिडिओतला हा दुसरा नवी तारीख घेऊन उभा आहे, आणि तू विचारतेस की नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरू की थांबू. त्याचं उत्तर आधी देतो. भर, आजच भर. बाकीचं पत्र सवडीनं वाच.

तारखांवर मी शाई घालवणार नाही. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ला प्रभूच्या येण्याची रात्रभर वाट पाहिली. हॅरॉल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितली, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली. तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, असं मत्तय २४ मध्ये प्रभू स्वतः म्हणतो. म्हणजे तारीख सांगणारा प्रभूपेक्षा जास्त जाणतो म्हणायचं. पुढे जाऊ.

खरा वाद वेगळा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मंडळी, म्हणजे सगळे विश्वासणारे, महासंकटाच्या, म्हणजे शेवटच्या मोठ्या छळाच्या काळाच्या, आधी गुपचूप उचलली जाणार, की त्यातून पार होऊन शेवटी प्रभूला भेटणार? तुझी रूममेट पहिलं म्हणते, तू दुसरं, आणि आठ दिवस एकमेकींशी बोलणं बंद.

तुझ्या वयाचा होतो तेव्हा मीही तुझ्या मैत्रिणीच्या बाजूचा होतो. माझ्याकडे एका मिशनरीने मागे ठेवलेलं स्कोफिल्डचं इंग्रजी बायबल होतं. हे पहिल्यांदा १९०९ साली निघालं. वर वचन, त्याच पानावर खाली बारीक अक्षरात टीपा, आणि दोन्ही एकाच चामडी पुठ्ठ्यात. मी दोन्ही पाठ केलं. एका रविवारी प्रवचनात मंडळी आधी उचलली जाण्याचं एक ‘वचन’ ठणकावून सांगितलं. उपासनेनंतर आमच्या वृद्ध गुरुजींनी ते बायबल मागितलं, खिशातलं पोस्टकार्ड काढून पानाच्या खालच्या भागावर ठेवलं आणि म्हणाले, “आता वाचून दाखव बरं, कुठं आहे ते?” नव्हतंच. मी तळटीप सांगितली होती. माझे कान अजून गरम होतात.

ती टीप कुठून आली, हे मग शोधत गेलो. जॉन नेल्सन डार्बी हा आयर्लंडमधल्या अँग्लिकन मंडळीचा तरुण पाळक. ती मंडळी सोडून तो ब्रदरन नावाच्या नव्या ख्रिस्ती गटात गेला. मंडळीचं उचललं जाणं एकदा आणि ख्रिस्ताचं उघड येणं त्यानंतर काही वर्षांनी, अशी दोन टप्प्यांची मांडणी त्याने १८३० च्या दशकात रुजवली. पुढे तो अमेरिकेत अनेकदा गेला, आणि स्कोफिल्डच्या टीपांनी ती मांडणी घरोघरी नेली. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि आपल्यासारख्या बऱ्याच जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या दोन टप्पे मानत नाहीत. ‘जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येईल’, इथवरच आपला मतांगिकार, म्हणजे उपासनेत म्हणतो ती विश्वासाची कबुली, थांबतो.

पण ‘दोनशे वर्षांपूर्वीचं आहे म्हणून खोटं’ असं मैत्रिणीला सुनावू नकोस. तो आळशी युक्तिवाद झाला. तिची बाजू नीट ऐक. देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही, असं प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या विश्वासणाऱ्यांना लिहितो. प्रकटीकरण ३:१० मध्ये परीक्षेच्या घटकेपासून राखण्याचं अभिवचन आहे. आणि प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायापासून ‘मंडळी’ हा शब्दच नाहीसा होतो, तो थेट २२ व्या अध्यायात परततो. हे मुद्दे पोकळ नाहीत. तिनेही तुझं ऐकावं. शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल, हे वचन ती उचलून नेण्यासाठी लावते. पण त्याच्या दोनच ओळी आधी नोहाच्या काळातल्या लोकांना पुराने वाहून नेलंय. तिथे मागे राहिला तो वाचला!

मला स्वतःला पटलं ते एका शब्दामुळे. १ थेस्सलनीकाकरांस ४:१७ मध्ये प्रभूला अंतराळात ‘भेटण्यासाठी’ जो ग्रीक शब्द आहे, तो नव्या करारात आणखी दोन गोष्टींत येतो. एक, दहा कुमारी वराला भेटायला निघतात तिथे. दुसरी, पौल रोमला येतोय असं कळल्यावर बंधुवर्ग अप्पियाच्या पेठेपर्यंत आला तिथे. दोन्हीकडे पुढे जाऊन पाहुण्याला घेऊन परत यायचं आहे. आपल्याकडे सीमांतपूजनाला वेशीवर जातात, ते नवरदेवाबरोबर तिकडेच निघून जाण्यासाठी नव्हे. माझा कल असा आहे. त्यावर मी मंडळी फोडणार नाही. इंग्लंडात प्लिमथला डार्बी आणि ब्रदरनांचाच दुसरा पुढारी बी. डब्ल्यू. न्यूटन एकाच मंडळीत बसून याच गोष्टीवरून कुरबुरत होते. त्यात आणखी वाद मिसळले आणि १८४८ पर्यंत ब्रदरन दुभंगले. दोघेही ग्रीक जाणणारे होते.

थेस्सलनीकाकरांचा हा उतारा, ‘ख्रिस्तात मेलेले आधी उठतील’ असं सांगणारा, मी सगळ्यात जास्त वेळा कुठे वाचला असेल, सांग. कबरस्तानात. थेस्सलनीकातल्या लोकांचं दुखणं वेळापत्रकाचं नव्हतंच. आपली माणसं प्रभू यायच्या आधीच वारली, आता त्यांचं काय, हा त्यांचा घोर होता. काही वर्षांपूर्वी एका तरुण मुलाला माती देताना मी ते वाचलं. मूठ माती टाकून सगळे मागे सरले, बाप तिथेच राहिला. चप्पल हातात. मला म्हणाला, “पाळकसाहेब, म्हणजे आमचा पोरगा आधी उठंल ना? आमच्या आधी?” मी म्हटलं, होय, असंच लिहिलंय. त्याने चप्पल खाली ठेवली, पायात घातली आणि चालू लागला. आधी की नंतर, हा प्रश्न त्यानेही विचारला होता, बघ.

तुला भीती वाटते असं तू शेवटच्या ओळीत लिहिलंस, बहुधा म्हणूनच मेसेज पावणेबाराला आला. रात्री ते व्हिडिओ बघू नकोस. वॉर्डात ड्युटी असेल त्या दिवशी तर मुळीच नाही.

फीची पावती पाठव. आणि रविवारी उपासनेनंतर त्या मैत्रिणीला घेऊन जेवायला ये, काकू सुकटीचं कालवण करणार आहे. जेवण झालं की ते जुनं बायबल काढू. तिला वाचायला सांगू, पोस्टकार्ड मी धरतो.

तुझा,
पाळककाका