मुसाशी वाचायला घेताय? मग एवढं करा

मुसाशी वाचायचा तुमचा उत्साह पाहून बरं वाटलं. मियामोतो मुसाशी या सतराव्या शतकातल्या जपानी तलवारबाजाकडे बहुतेकजण चित्रपट किंवा कादंबरीतून येतात, मीही तसाच आलो. त्यात गैर काही नाही, फक्त त्यालाच चरित्र समजू नका. १६१२ च्या सुमाराची कोजिरो या दुसऱ्या तलवारबाजाशी झालेली ती बेटावरची लढत, मुसाशीचं उशिरा येणं, वल्ह्यातून तासलेली लाकडी तलवार... यातलं बरंचसं मुसाशीच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेल्या हकीकतींतून आलंय. स्वतःच्या ग्रंथात मुसाशी कोजिरोचं नावही घेत नाही!

सुरुवातीला एवढंच:

- 'गो रिन नो शो' (पाच वलयांचा ग्रंथ) हा त्याचा तलवारविद्येवरचा ग्रंथ वाचा. जपानमधल्या कुमामोतोजवळच्या रेइगान्दो गुहेत १६४३ मध्ये त्याने ते लिहायला घेतलं, १६४५ मध्ये तो वारला.
- त्यातला 'जल' हा भाग सावकाश वाचा. तलवार कशी धरावी? अंगठा आणि तर्जनी हलकी, मधलं बोट ना घट्ट ना सैल, शेवटची दोन बोटं घट्ट. घरातली काठी हातात घेऊन बघाच, मनगट किती मोकळं राहतं ते कळेल.
- 'शून्य' हा भाग पानभराचाच आहे, पण आत्ता त्यात अडकू नका.

नवे वाचक सुटी वाक्यं सुविचारासारखी उचलतात. मुसाशी मात्र जवळजवळ प्रत्येक मुद्द्यापाशी सांगतो, नीट तपासा, सराव करा.

आणि त्याने काढलेलं खाटीक पक्ष्याचं चित्र जरूर शोधा. एक वाळकी फांदी, टोकावर पक्षी, खालून वर चढणारी एक अळी. मी त्या अळीकडे कितीतरी वेळ बघत बसलो होतो.