वाचनालयातली जुनी मासिकं डिजिटल करायची आहेत. कोणता स्कॅनर घ्यावा? स्कॅन झाल्यावर मूळ खंड ठेवावेच लागतात का? जागा फार अडते.

तुमच्या या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याचं उत्तर कुणीही देईल. मी लिहायला बसले ती दुसऱ्या अर्ध्यामुळे. ‘जागा फार अडते’ हे वाक्य मी बारा वर्षांपूर्वी एका बैठकीत ऐकलं होतं. त्या बैठकीनंतर निर्लेखनाचा, म्हणजे खंड संग्रहातून कायमचे काढून टाकण्याचा, जो कागद निघाला त्यावर पाच सह्या आहेत. चौथी माझी.

आधी स्कॅनर उरकते. बांधीव खंडांना झाकण दाबणारा सपाट स्कॅनर नको. त्याने शिवण उसवते आणि आतल्या बाजूच्या ओळी वाकड्या येतात. वरून टिपणारा ओव्हरहेड घ्या, खंड अर्धवट उघडा ठेवता येईल अशा पाळण्यासकट. नुसत्या मजकुराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतं, पण मासिकात चित्रं असतात, म्हणून ४०० धरा. मूळ प्रत टिफमध्ये (चित्रातला बारकावा न गमावता साठवणारा फाइलचा प्रकार), वाचकांसाठीचं पीडीएफ त्यावरून. ए-४ आकाराचं रंगीत पान ४०० डीपीआयला, काहीही दाबून लहान न करता, सुमारे ४६ एमबीचं होतं. म्हणजे दहा हजार पानांना जवळजवळ अर्धा टीबी. तेवढ्याच तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. झालं.

मी ग्रंथालयातली तालिकाकार, म्हणजे सूची करणारी. २६ वर्षं तेच काम केलं. आमच्याकडे जुन्या मासिकांचे बांधीव खंड होते आणि त्यांची पत्रकसूची होती. मासिकातल्या प्रत्येक कथेचं, लेखाचं, कवितेचं वेगळं पत्रक माझ्या आधीच्या तालिकाकार बाईंनी हाताने लिहिलेलं. लेखकाच्या नावाचं एक, शीर्षकाचं एक, आणि नावांचा घोळ असेल तर ‘पाहा’ म्हणून दुसरीकडे पाठवणारं तिसरं. लग्नाआधी एका नावाने लिहिणारी बाई, मधली दोन वर्षं ‘एक भगिनी’, नंतर सासरचं नाव. या तिघी एकच आहेत हे त्या पत्रकाखेरीज जगात कुठेही लिहिलेलं नव्हतं. बाईंनी हे कसं शोधून काढलं असेल? बहुधा संपादकांना पत्रं टाकून. पत्रकाच्या पाठीमागे पेन्सिलीने तारीख असायची.

आमच्या संगणक विभागाच्या प्रमुखांना इथे नुसतं सर म्हणते. माणूस कष्टाळू. पण बैठकीत ते म्हणाले, ‘‘मॅडम, पानावरचा शब्द न शब्द शोधता येणार आहे. मग सूची कुणासाठी?’’ मी म्हटलं, वाचकासाठी. ‘‘वाचक गूगल करतो.’’ सगळे हसले. पत्रकं गेली, खंडही गेले. मी सही केली, कारण जागा खरंच नव्हती आणि विरोध केला तर जुन्या वळणाची बाई असा शिक्का बसेल ही भीती होती. शिक्का नंतर बसलाच.

तीन वर्षांनी एक मुलगी आली, तिशीतली. आजी गोष्टी लिहायची एवढंच तिला ठाऊक. घरातल्या एका पत्रात आजीने मासिकाचं नाव घेऊन ‘माझी तिसरी गोष्ट आली’ असं लिहिलेलं. मुलीने आमच्या संकेतस्थळावर आजीचं नाव टाकलं. निकाल शून्य. आणि त्या पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत: ‘संपूर्ण संग्रह आता एका क्लिकवर.’ तिने सरळ हिशोब केला. संग्रह संपूर्ण आहे, आजी त्यात नाही, म्हणजे आजीने थाप मारली. आईला तसं सांगण्याआधी एकदा विचारून घ्यावं म्हणून ती आली होती.

शून्य का आला? शोधाची खिडकी पान वाचत नाही. पानाच्या चित्रावरून ओसीआरने, म्हणजे अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीने, जो मजकूर अंदाजाने काढून ठेवलाय तो वाचते. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ख चा ‘रव’ होतो, भ चा म होतो, घ चा ध. शिरोरेषा तुटली की शब्दाचे तुकडे. त्यात त्या काळचं लेखन: नांव, कांहीं, पुस्तकें. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले ते १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी, आणि आजचा माणूस ‘नाव’ असंच टाइप करणार. (इंग्रजीवाल्यांनी हसू नये. अठराव्या शतकातला त्यांचा, एफसारखा दिसणारा लांब एस यंत्रं कित्येक वर्षं एफ म्हणून वाचत होती.) त्यातून कथेचं शीर्षक आणि लेखिकेचं नाव चित्रकाराने वेलबुट्टीत रंगवलेलं. यंत्राच्या लेखी ते चित्र. आणि हे सगळं जमलं असतं तरी आजीने लिहिलं होतं माहेरच्या नावाने, जे नातीला माहीतच नव्हतं. आधीच्या अडचणी यंत्रं सुधारतील तशा सुटतील, काही सुटल्याही आहेत. शेवटची सुटायला कुणीतरी ते लिहून ठेवलेलं असावं लागतं. ठेवलं होतं. आम्ही ते रद्दीत घातलं.

मग आम्ही दोघी तीन दुपारी पडद्यावर पान पान चाळत बसलो. वार्षिक अनुक्रमणिका असती तर तासाभराचं काम होतं. पण अनुक्रमणिकेच्या पानांना पृष्ठांक नव्हते आणि स्कॅन करणाऱ्याला मोबदला छापील पृष्ठांकावर होता, त्यामुळे अनुक्रमणिका, मुखपृष्ठं, जाहिराती, काहीच आलेलं नव्हतं. तिसऱ्या दुपारी मुलीच्या आईला माहीत असलेल्या आजीच्या माहेरच्या नावावरून गोष्ट सापडली. पान २११. मुलीने तिथेच वाचायला घेतली. २१५ व्या पानाच्या तळाशी वाक्य अर्ध्यावर, क्रियापद पुढच्या पानावर. पुढचं पान दाबलं तर आलं २१८, त्यावर भरतकामाचा नमुना.

वरून टिपणाऱ्या स्कॅनरला समोरासमोरची दोन पानं एकदम दिसतात. २१४-२१५ टिपल्यावर माणसाने चुकून दोन पानं एकत्र उलटली की थेट २१८-२१९ समोर येतं. मधली दोन गेली. मूळ खंड असता तर पाच मिनिटांत पुन्हा टिपली असती.

‘‘आईला सांगते, छापून आली होती,’’ एवढंच म्हणून ती गेली.

ग्रंथालयात आलेल्या खंडांची नोंद ठेवणारी दाखल नोंदवही तेवढी रद्दीतून बचावली होती. तिच्यात प्रत्येक खंडाची एकूण पानं लिहिलेली. त्यावरून मी त्या मासिकाचे ११ खंड ताडून पाहिले. ७,४०० पानांपैकी ६२ नव्हती. कागद घेऊन सरांकडे गेले. ते म्हणाले, ‘‘म्हणजे ९९ टक्क्यांच्या वर आली की!’’ मी म्हटलं, गणित बरोबर आहे. पण ती ६२ कोणती हे तुम्ही कुठेही सांगितलेलं नाही, आणि वर ‘संपूर्ण’ लिहिलंय. मी एवढंच मागितलं की तो एक शब्द काढा आणि खाली गहाळ पानांची यादी टाका. यादी टाकली तर काम सदोष दिसेल, असं उत्तर आलं. पुढे संकेतस्थळ नवं झालं. ‘संपूर्ण’ आता आधीपेक्षा मोठ्या टायपात आहे.

हा वाद अजून माझ्या डोक्यात चालू असतो, म्हणून स्पष्टच लिहिते. ग्रंथालयात ‘आहे’ हे उत्तर द्यायला आता फारसं कौशल्य लागत नाही. ‘नाही’ म्हणायला लागतं. आमच्या बाई ‘नाही’ म्हणाल्या की ते नव्हतं. काय काय पाहिलं आणि कुठे पाहिलं नाही हे त्यांना माहीत होतं. ज्या संग्रहाला स्वतःची भोकं माहीत नाहीत त्याच्या ‘नाही’ला काडीची किंमत नाही. आणि आज याची गरज जास्त आहे. अलीकडे वाचक चॅटजीपीटीसारख्या संवादयंत्राने दिलेले संदर्भ घेऊन येतात: मासिक खरं, वर्ष खरं, लेखकही खरा, फक्त तो लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. तो नव्हता हे कशाच्या जोरावर सांगणार? ६२ पानं गहाळ असलेल्या संग्रहाच्या?

याला माहिती साक्षरता म्हणतात. शब्द काही नवा नाही, पॉल झुर्कोव्स्कीने १९७४ मध्ये वापरला. आमच्याकडे त्याच्या कार्यशाळा व्हायच्या. त्यात शोध कसा घ्यायचा हे शिकवायचे, रिकामा निकाल कसा वाचायचा हे एकदाही नाही. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली होती. इतिहासकार नि विद्यार्थी त्याच पानावर वाचत बसले, बोधचिन्हाला आणि भारदस्त नावाला भुलले. तपासनीस चटकन बाहेर पडून दुसरीकडे त्या संकेतस्थळाबद्दल काय म्हटलंय ते बघून आले. डॉक्टरेट झालेले लोक फसले तिथे ती मुलगी ‘संपूर्ण’ला फसली यात तिचा काय दोष? ग्रंथालयाचं बोधचिन्ह होतं ना वर.

चित्रं दाबून लहान करण्याबद्दलही एक सांगते, कारण ‘टिफ कशाला, पीडीएफ पुरे’ हे तुमच्याही बैठकीत कुणीतरी म्हणणार. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्सची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती. घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ अशी वेगवेगळी होती, स्कॅनमध्ये तिन्ही १४.१३. फाइल लहान करण्यासाठी सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकदाच साठवून सगळीकडे तीच चिकटवण्याची पद्धत होती, त्यात चुकीची आकृती चिकटली. पान धूसर आलं तर डोळ्याला कळतं. इथे चुकीचा आकडा स्वच्छ छापलेला दिसत होता. मूळ कागद टाकून दिल्यावर हे पकडणार कसं?

आता थोडं सरांच्या बाजूने, नाहीतर तुम्ही स्कॅनिंगच रद्द कराल. दृष्टिहीन वाचक ओसीआरच्या जोरावर आज जे ऐकू शकतात ते आमच्या कपाटांनी त्यांना कधीच दिलं नव्हतं. दूरच्या वाचकाला प्रवास पडत नाही. वाळवी, पाणी, आग लागायला वेळ लागत नाही. ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री जळालं तेव्हा ज्याचं स्कॅन होतं तेवढंच पाहायला उरलं अशा वस्तू त्यात होत्या. उलटंही होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची मुख्य ऑनलाइन सूची परत दिसायला जानेवारी २०२४ उजाडला. म्हणून कागद आणि फाइल दोन्ही. आणि पत्रकं हाताने लिहीत बसा असंही म्हणत नाही. बाईंचं प्रत्येक पत्रक एका तक्त्यातली एक ओळ झालं असतं. मी ते टाइप करायला तयार होते. बैठकीत मांडलंही होतं, इतिवृत्तात आलेलं नाही.

तर तुमच्यापुरतं. स्कॅनर विकत घेण्याआधी एक तक्ता करा: खंडाचा दाखल क्रमांक, वर्ष, अंक, छापील पानं किती, बिनआकड्यांची किती, आधीच फाटलेली कोणती. फाइलला नाव दाखल क्रमांक आणि पानावरून द्या, यंत्राने दिलेलं नाव ठेवू नका. मोबदला पृष्ठांकावर ठरवू नका, दोन पुठ्ठ्यांच्या मधल्या प्रत्येक पानावर ठरवा. स्कॅन करणारा आणि पानं ताडून पाहणारा माणूस वेगळा असू द्या. लेखकांच्या नावांचा एक रकाना आणि त्याच्या शेजारी ‘पाहा’चा दुसरा, हे काम स्कॅनिंगहून कितीतरी जास्त वेळ खाईल आणि त्याचा फोटो वार्षिक अहवालात येणार नाही. लेखकांच्या मृत्यूनंतर किती वर्षांनी कॉपीराइटचे हक्क संपतात ते बघूनच काय खुलं ठेवायचं ते ठरवा, सगळंच जुनं म्हणजे मोकळं नसतं.

मूळ खंड ठेवा. अगदीच जागा नसेल तर दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयात तोच खंड पूर्ण आहे हे स्वतः पान पान पाहून खात्री करा, आणि मगच निर्लेखनाच्या कागदावर सही करा.

आणि एक विनंती. तुमच्याकडे जुन्या मासिकांचे खंड आहेत असं लिहिलंय. त्यात स्त्रियांच्या मासिकांचे १९३८ सालचे अंक असले तर मला निरोपातून कळवाल का? मासिकाचं नाव तिथे सांगते. मला फक्त पान २१६ आणि २१७ हवी आहेत.